अळंबी, भूछत्र आणि मशरूम : नाव व ओळख यांविषयी काही विचार

एखाद्या वस्तूचे नाव ठाऊक असणे आणि ती वस्तू ओळखता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हे विधान इतके उघड आहे की ते करण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. तथापि भाषेच्या अभ्यासकाकडून या दोहोंची गल्लत वारंवार होत असते. बोलीचा शब्दसंग्रह करणारा विद्यार्थी वहीत एक शब्द टिपतो, त्याच्यासमोर प्रमाण मराठीतील दुसरा शब्द लिहितो आणि अर्थ हाती आला असे समजून पुढील शब्दाकडे वळतो. पुष्कळ ठिकाणी यामुळे फारसे बिघडत नाही. 'विळा' शब्दासमोर 'कोयता' लिहिला तर कोश थोडा सदोष होईल, इतकेच. परंतु काही शब्दक्षेत्रे अशी आहेत की तेथे नाव आणि वस्तू यांची सांगड सुटली तर त्याची किंमत माणसाला प्रकृतीने, प्रसंगी प्राणानेही, द्यावी लागते. पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या अळंबीचे शब्दक्षेत्र हे त्यांपैकी एक होय.

या विषयाचा विचार करण्यास ठाण्यातील वर्तकनगर हे ठिकाण सोयीचे आहे. वर्तकनगरातून पोखरण रस्त्याने उपवन तलावापर्यंत गेले की येऊरचे डोंगर सुरू होतात. हे डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून त्यांवर आदिवासींचे, मुख्यत्वे वारल्यांचे, पाडे आहेत. डोंगराच्या पायथ्याशी मात्र गेल्या काही पिढ्यांत कारखान्यांच्या व नोकरीच्या निमित्ताने कोकण, देश, खानदेश, विदर्भ आणि परप्रांत येथून आलेल्या लोकांची दाट वस्ती झाली आहे. आषाढ लागला की ठाण्याच्या बाजारांत शेवळे, कुर्डू, टाकळा, फोडशी, कंटोळी या रानभाज्या घेऊन आदिवासी स्त्रिया बसतात आणि एखाद्या दिवशी त्यांच्या टोपलीत पानावर मांडलेली अळंबीही दिसते. विकणारीचे नाव एक, विकत घेणारीचे नाव दुसरे, आणि घेणारीच्या शाळकरी मुलाचे नाव तिसरे, असा प्रकार येथे घडतो. ही तीन नावे एकाच वस्तूची आहेत काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

१. नावांचे दोन वर्ग

मराठीत या वनस्पतिसदृश वस्तूला जी नावे आहेत, त्यांचे प्रथमदर्शनीच दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात खाद्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तूंची नावे येतात. अळंबे किंवा अळंबी हे त्यांतील सर्वांत परिचित नाव होय. गोव्यात कोंकणीत अळमी म्हणतात आणि वारुळावर येणाऱ्या अळमीला रोंयण अळमी असे विशेष नाव आहे. रोंयण म्हणजे वारूळ. चंद्रपूर-गडचिरोलीकडे पावसाळी बाजारात सात्या व टेकोडे ही नावे ऐकू येतात. त्यास लागून असलेल्या छत्तीसगडात फुटू म्हणतात, आणि झारखंडात खुखडी व रुगडा या दोन नावांनी दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तू विकल्या जातात. खुखडी छत्रीच्या आकाराची असते, तर रुगडा जमिनीत बटाट्यासारखा गोल सापडतो.

दुसऱ्या वर्गातील नावे खाद्याची नव्हेत. मराठीत कुत्र्याची छत्री हे या वर्गाचे ठळक उदाहरण आहे. हिंदीतील कुकुरमुत्ता या नावात कुत्रा आहे, गुजरातीतील बिलाडीनो टोप यात मांजर आहे, बंगालीतील ब्यांगेर छाता यात बेडूक आहे, आणि इंग्रजीतील टोडस्टूल या शब्दातही बेडकाच्याच जातीचा प्राणी आसन मांडून बसला आहे. एकमेकांपासून दूर असलेल्या भाषांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती योजावी हे लक्षणीय आहे. वस्तूच्या आकाराला माणसाच्या वापरातील एखाद्या जिनसेचे नाव द्यावयाचे, छत्री, टोपी किंवा बैठक, आणि लगेच ती जिन्नस माणसाची नसून हलक्या मानलेल्या प्राण्याची आहे असे सांगून ती दूर लोटावयाची, अशी ही रचना आहे. षष्ठीचा प्रत्यय येथे मालकी दाखवीत नाही. 'ही आपली नव्हे' एवढेच तो सांगतो.

कुत्र्याची छत्री म्हणजे विषारी अळंबी, असा अर्थ काही कोशवाचक करतात. तो बरोबर नाही. या नावाखाली विषारी, निरुपद्रवी आणि क्वचित उत्तम खाद्य अशा सर्वच प्रकारच्या जाती येतात. ज्याची परीक्षा कोणी केलेली नाही आणि करण्याची गरजही कोणास वाटली नाही, अशा सर्वांचा तो एक ढीग आहे. 'कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवणे' हा आपला वाक्प्रचारही हेच सांगतो. त्यात भीतीपेक्षा तुच्छता अधिक आहे. अमेरिकन अभ्यासक गॉर्डन वॉसन आणि त्यांच्या रशियन पत्नी व्हॅलेंटिना यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जगातील समाजांची अळंबीप्रेमी व अळंबीद्वेष्टे अशी विभागणी मांडली होती. मराठी भाषेला यांपैकी कोणत्याही एका कप्प्यात घालता येत नाही, कारण तिच्यात दोन्ही वृत्तींची नावे शेजारीशेजारी नांदत आहेत. गोव्यात अळमीची शागोती आवडीने खाल्ली जाते, तर त्याच भाषापट्ट्यातील कित्येक घरांत अळंबीला चुलीजवळ येऊ देत नाहीत.

२. 'अळंबे' शब्दाविषयी

व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता अळंबे हा शब्द संस्कृतातून आलेला दिसत नाही. संस्कृतात या अर्थाचे छत्राक, कवक, शिलीन्ध्र असे शब्द आहेत. त्यांपैकी एकाचाही ध्वनिविकार होऊन अळंबे होणे शक्य नाही. उलट कानडीतील अणबे आणि तुळूतील अलंबु हे शब्द अर्थाने तंतोतंत आणि ध्वनीने अगदी जवळचे आहेत. ळकार व णकार यांची अदलाबदल, तसेच अनुनासिकाची ये-जा, या गोष्टी दक्षिणेतील भाषासंपर्काच्या अभ्यासकांस नवीन नाहीत. तेव्हा हा शब्द द्राविड भाषांशी असलेल्या जुन्या संपर्कातून मराठी-कोंकणीत आला असावा, असे मानण्यास चांगला आधार आहे. ज्या पट्ट्यात हे खाद्य मुबलक उगवते त्या पट्ट्यातील खाणाऱ्यांचाच शब्द टिकावा, हे स्वाभाविकही आहे.

शब्दाच्या लिंगवचनाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. अळंबे हे नपुंसकलिंगी एकवचन आणि अळंबी हे त्याचे अनेकवचन, ही मूळ व्यवस्था, रताळे-रताळी याप्रमाणे. आज मात्र शहरी मराठीत 'ती अळंबी' असे स्त्रीलिंगी एकवचन रूढ झाले असून त्याचे 'अळंब्या' असे नवे अनेकवचनही होते. ही वस्तू एकटीदुकटी क्वचितच हाती येते; ती पुंजक्याने उगवते आणि पुंजक्यानेच विकली जाते. त्यामुळे अनेकवचनी रूपच कानांवर पडत राहिले आणि पुढील पिढीने ते मूळ रूप मानले, असे अनुमान करण्यास जागा आहे.

३. संस्कृत ग्रंथांतील तीन दृष्टी

संस्कृत वाङ्मयात या विषयाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी आढळतात. पहिली धर्मशास्त्राची. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांस अभक्ष्य म्हणून जे पदार्थ सांगितले आहेत, त्यांत लसूण-कांद्यांच्या पंक्तीत कवक येते आणि त्याच अध्यायात पुढे छत्राकही येते. येथे जातिभेद, विषारीपणा किंवा स्थान यांचा विचार नाही. सरसकट निषेध आहे. कुत्र्याची छत्री या नावामागील वृत्ती आणि हा निषेध यांचे नाते उघड आहे.

दुसरी दृष्टी वैद्याची. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधीच्या अध्यायात, जो त्या स्थानातील ४६ वा आहे, 'उद्भिद' या नावाखाली पाच प्रकार सांगितले आहेत : पेंढ्यावर उगवणारे, उसावर उगवणारे, शेणावर उगवणारे, बांबूवर उगवणारे आणि जमिनीतून उगवणारे. प्रत्येकाचे गुणदोष तेथे वेगळे दिले आहेत. हे वर्गीकरण आकारावरून किंवा रंगावरून केलेले नसून आधारावरून केलेले आहे. आधुनिक कवकशास्त्रातही 'हे कशावर उगवले आहे' हाच ओळख पटविणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो. रोंयण अळमी हे गोव्यातील नावही नेमके याच तत्त्वावर बेतलेले आहे, आणि तेलुगूतील पुट्टगोडुगु, म्हणजे वारुळावरची छत्री, हे नावही तसेच आहे.

तिसरी दृष्टी कवीची. मेघदूतात मेघाच्या गर्जनेने पृथ्वी शिलीन्ध्रांनी भरून जाते, अशी कल्पना आहे. टीकाकार मल्लिनाथाने येथे शिलीन्ध्राचा अर्थ कंदली असा घेतला आहे, आणि अर्वाचीन भाषांतरकारांपैकी कित्येकांनी भूछत्र असा घेतला आहे. शब्द एकच, परंतु टीकाकाराच्या मनासमोर एक वनस्पती आणि भाषांतरकाराच्या मनासमोर दुसरी. वस्तूचा नमुना समोर नसताना केवळ शब्दाच्या आधारे अर्थनिर्णय करावा लागला की काय होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. मेघगर्जना व अळंबी यांचा संबंध मात्र केवळ कविकल्पना नव्हे. गडगडाट झाला की अळंबी वर येते हा समज आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे, आणि ग्रीक लेखक प्लुटार्कने आपल्या भोजनप्रसंगीच्या संवादांत भूमिगत कवके मेघगर्जनेने का उत्पन्न होतात असे मानतात, याची चर्चा केली आहे. गर्जनेने काही उगवत नाही. परंतु मोसमाच्या आरंभीचा गडगडाटी पाऊस, त्यामागून येणारा ओलावा आणि उकाडा हेच उगवणीस अनुकूल असतात. लोकसमजुतीत कारण चुकले असले तरी वेळ बरोबर पकडलेली आहे.

४. वारूळ आणि अळंबी

आता वस्तूकडे वळू. आपण ज्याला अळंबी म्हणतो तो कवकाचा केवळ फलभाग असतो. खरे कवक म्हणजे जमिनीत, लाकडात किंवा पालापाचोळ्यात पसरलेले सूक्ष्म धाग्यांचे जाळे. त्याला कवकजाल म्हणतात. हवामान अनुकूल झाले की हे जाल फलभाग वर पाठविते, त्यांतून बीजाणू विखुरतात आणि एकदोन दिवसांत फलभाग कुजून जातो. कवके ही वनस्पती नव्हेत. १९६९ साली व्हिटेकर यांनी मांडलेल्या वर्गीकरणापासून त्यांची स्वतंत्र सृष्टी मानली जाते, आणि वंशसंबंधाने ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची असल्याचे पुढील संशोधनाने दाखविले आहे.

कोकणपट्टीत व गोव्यात ज्या अळंबीला मान आहे, ती प्रामुख्याने वारुळावरची अळंबी होय. तिच्या वंशाला टर्मिटोमायसीस असे शास्त्रीय नाव फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी १९४२ साली दिले. ओडोंटोटर्मिस व तत्सम वंशांतील वाळवी लाकूड व पालापाचोळा खाऊन आणते, परंतु तो तिला पुरता पचत नाही. वारुळाच्या आतील कप्प्यांत ती अर्धवट पचलेल्या द्रव्याचे स्पंजासारखे पोवळे रचते, त्यावर हे कवक वाढविते आणि कवकाने मऊ केलेले पोवळे व त्यावरील पांढरे कण खाऊन जगते. म्हणजे वाळवी ही एक प्रकारे शेतकरी आहे. वाळवी आणि कवक यांच्या या संबंधाची पहिली नोंद योहान केनिग या निसर्गाभ्यासकाने १७७९ साली केली. ती तंजावरच्या परिसरातील वारुळांवरून केलेली होती, आणि तंजावर त्या वेळी मराठ्यांच्या राज्यात होते, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या सहजीवनामुळे वारुळावरच्या अळंबीला एक विशेष खूण लाभली आहे. तिचा देठ जमिनीच्या पृष्ठभागावर संपत नाही. तो मुळासारखा निमुळता होत खाली, कधी कधी हातभर खोल, पोवळ्यापर्यंत पोचलेला असतो. छत्राच्या मध्यभागी टोकदार उंचवटा असतो, कारण त्याला घट्ट माती भेदून वर यावे लागते. देठाच्या तळाशी पिशवीसारखा कोश नसतो. छत्राखालील पडदे आरंभी पांढरे असून बीजाणू पिकू लागले की त्यांवर फिकट गुलाबी छटा येते. ही अळंबी कारखान्यात पिकविता येत नाही, कारण फलभाग येण्यास जिवंत वाळवीची वसाहत लागते. म्हणूनच बाजारात येणारा प्रत्येक पुंजका रानातलाच असतो. जाणता संग्राहक वारूळ फोडीत नाही, देठ वळवून अलगद काढतो आणि काही फलभाग तसेच राहू देतो. वारूळ फोडले तर पुढील वर्षीची अळंबी गेली, हा साधा हिशेब त्यास ठाऊक असतो.

५. ओळख कशाने पटते, कशाने पटत नाही

विषारी अळंबी ओळखण्याच्या म्हणून ज्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात, त्या प्रथम बाजूला सारणे अवश्य आहे. शिजवताना चांदीचे नाणे काळे पडले तर अळंबी विषारी. लसूण काळवंडला तर विषारी. गोगलगाईने किंवा किड्याने खाल्लेली असेल तर निर्धोक. पांढरी असेल तर निर्धोक. उकळून पाणी टाकले की विष उतरते, अशा या युक्त्या होत. यांपैकी एकही खरी नाही. चांदी गंधकाच्या संयुगांनी काळी पडते. अळंबीतील घातक विषांचा चांदीशी काही संबंध नाही. गोगलगाय माणसास मारक असलेली अळंबी खाऊन सुखरूप राहते. आणि सर्वांत घातक असे जे ॲमाटॉक्सिन वर्गाचे विष, ते शिजवून, वाळवून किंवा उकळून नष्ट होत नाही.

या विषाची गती समजून घेण्यासारखी आहे. ॲमानिटा फॅलॉयडीस ही युरोपातील कुप्रसिद्ध जात आणि तिचे काही सगोत्र यांत ते असते. लेपिओटा वंशातील काही लहानशा जातींतही असते. पेशीतील जनुकीय संदेश उतरवून घेणारे विकर ते बंद पाडते, त्यामुळे नवी प्रथिने तयार होईनाशी होतात. खाल्ल्यावर बहुधा ६ ते २४ तास काहीच होत नाही. मग उलट्या व जुलाब सुरू होतात. त्यानंतर रोग्यास बरे वाटू लागते, आणि नेमक्या याच काळात यकृताचा नाश चालू असतो. उशिरा उद्भवलेली लक्षणे ही म्हणूनच लवकर उद्भवलेल्या लक्षणांपेक्षा अधिक भयसूचक मानतात. आसामात २०२२ च्या एप्रिल महिन्यात रानातील अळंबी खाऊन १३ जण मृत्युमुखी पडले, आणि त्यांत चहाच्या मळ्यांवरील कुटुंबांतील लोक होते. संशय येताच रुग्णालय गाठणे आणि उरलेली अळंबी, साफ करताना टाकलेले देठसुद्धा, कागदात गुंडाळून बरोबर नेणे, हाच योग्य मार्ग आहे. बरे वाटले म्हणून घरी परतणे घातक ठरते.

वर्तकनगरसारख्या वस्तीत मात्र अधिक संभव आहे तो दुसऱ्या एका जातीचा. पावसाळ्यात बागांच्या हिरवळीवर, इमारतींच्या आवारात आणि मैदानांच्या कडेला जी मोठी, पांढरी, अंगावर तपकिरी खवले असलेली छत्रे वर्तुळाकार उगवतात, त्यांत क्लोरोफायलम मोलिब्डायटीस ही जात पुष्कळदा असते. ती दिसण्यास देखणी आणि वासास चांगली असते, आणि खाल्ल्यावर थोड्याच तासांत जबर उलट्या-जुलाब होतात. तिच्या देठावर वलय असते. कोवळेपणी तिचे पडदे पांढरेच असतात. पुढे ते हिरवट-करडे होतात. तिच्या बीजाणूंचा रंग हिरवा असतो, आणि हीच तिची खात्रीची खूण होय.

बीजाणूंचा रंग पाहण्याची रीत सोपी आहे. पिकलेले छत्र देठापासून कापून पडद्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवावे, वर वाटी झाकावी आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटतो. वारुळावरच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर, ॲमानिटाचा पांढरा, आणि वर सांगितलेल्या हिरवळीवरच्या जातीचा हिरवा येतो. तथापि एका खुणेवरून निर्णय करावयाचा नसतो. आधार, देठाचा तळ, कोश, वलय, पडद्यांची जोडणी, ठशाचा रंग, वास आणि ऋतू या सर्वांची साक्ष एकत्र जुळावी लागते, आणि एकही साक्षीदार फुटला तर निकाल 'खाऊ नये' असाच द्यावयाचा असतो. हातातील मोबाईलवर छायाचित्र पाहून जातीचे नाव सांगणारी साधने आता उपलब्ध झाली आहेत. ती अभ्यासाच्या आरंभास उपयोगी आहेत. परंतु मातीत गाडलेला देठाचा तळ आणि अद्याप न पडलेला ठसा हे छायाचित्रात येत नाहीत. त्यांच्या उत्तरावर भोजन बेतणे हा अविचार होय.

६. नाव प्रवास करते, ओळख करीत नाही

येथे भाषेचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. पाड्यावरील स्त्री टोपलीतील वस्तूला अळंबी म्हणते, तेव्हा त्या शब्दात पुष्कळ काही गृहीत असते : ठराविक वारूळ, ठराविक पंधरवडा, देठ ओढताना हाताला येणारा ताण, वास, आणि आईने वा आजीने 'हीच ती' म्हणून दाखविलेला नमुना. शेवळे खाजरे असते आणि ते काकडाच्या फळांबरोबर शिजवावे लागते, हे ज्ञान जसे त्या भाजीच्या नावाबरोबर आपोआप येते, तसेच हे. शब्द या सर्व ज्ञानाची केवळ मूठ आहे.

स्थलांतराने ही मूठ पात्यापासून निराळी होते. गावाकडे सात्या किंवा अळंबी खाल्लेला मनुष्य शहरात आला की नाव बरोबर आणतो, पण वारूळ मागे राहते. इमारतीच्या आवारात पांढरी छत्री दिसली की स्मरणातील नाव तिला चिकटते. परदेशांत या प्रकाराचे एक सुप्रसिद्ध उदाहरण आहे. आग्नेय आशियात भाताच्या पेंढ्यावर उगवणारी व्हॉल्व्हेरिएला ही उत्तम खाद्य अळंबी आहे आणि तिच्या देठाशी कोश असतो. तेथून अमेरिकेत गेलेल्या निर्वासितांनी नव्या देशात तसाच कोश असलेली कोवळी ॲमानिटा फॅलॉयडीस आपली ओळखीची समजून खाल्ली आणि विषबाधेचे प्रसंग ओढवले. त्यांचे ज्ञान खोटे नव्हते. मायदेशी जेथे घातक प्रतिरूप नव्हते तेथे ते पुरेसे होते. नव्या भूमीत ते अपुरे पडले. लोकज्ञानाला स्थळाची मर्यादा असते, ही गोष्ट त्याचा गौरव करणारे पुष्कळदा विसरतात.

दुसरा बदल पिढीचा आहे, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. मशरूम हा शब्द मराठीत प्रथम बाजारातील डबाबंद, पिकविलेल्या पांढऱ्या बटणांचे नाव म्हणून रूढ झाला. आज शहरी मुलाच्या बोलीत तो सर्वच जातींचे सामान्यनाम झाला आहे. जुन्या व्यवस्थेत अळंबी हे नाव संकुचित होते. ते ज्यास लागू पडते ते खावे. कुत्र्याची छत्री हे नाव विस्तृत होते. बाकी सर्व त्यात जावे. या व्यवस्थेत खाद्य वस्तू चुकून टाकली जाण्याचा संभव होता, पण विषारी वस्तू चुकून खाल्ली जाण्याचा संभव कमी होता. म्हणजे ती व्यवस्था सावधगिरीच्या बाजूस झुकलेली होती. मशरूम या एका शब्दाने हे दोन्ही कप्पे एक केले, आणि त्या एका कप्प्यावर खाद्य, पौष्टिक व महाग असा शिक्का मारला. हिरवळीवरच्या ज्या छत्रीला आजी कुत्र्याची छत्री म्हणून ओलांडून जात असे, तिला नातू मशरूम म्हणून थांबून पाहतो. एक तुच्छतादर्शक नाव लोपले यात दुःख मानण्यासारखे काय, असे वरवर पाहता वाटेल. परंतु त्या नावाबरोबर एक इशाराही लोपला, हे येथे नमूद केले पाहिजे.

७. शब्दसंग्रहकाराचे कर्तव्य

आपल्या भाषिक पाहण्यांनी हे क्षेत्र बहुतांशी वगळले आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वारलीसह ठाणे जिल्ह्यातील अनेक बोलींचे नमुने आहेत, आणि ते आजही मोलाचे आहेत. परंतु त्या सर्वेक्षणाची २४१ शब्द व वाक्यांची जी यादी होती, तीत अळंबीला स्थान नव्हते. पुढे स्वदेश यांनी तयार केलेल्या मूलभूत शब्दांच्या यादीतही नाही. तुलनेसाठी केलेल्या याद्यांचा तो हेतूही नव्हता. मात्र त्याच याद्या हाती घेऊन पाड्यावर जाणारा विद्यार्थी जे विचारणार नाही ते त्यास कळणार नाही, हेही तितकेच खरे.

विचारले तर काय हाती लागते, याचे एक उदाहरण संथाळीचे आहे. संथाळीत नामांचा सजीव-निर्जीव असा व्याकरणिक भेद आहे. १९६७ साली हाइम व वॉसन यांनी संथाळ प्रदेशात चौकशी केली, तेव्हा असे आढळले की इतर सर्व अळंबीची नावे निर्जीव वर्गात धरली जातात, परंतु पुटका या भूमिगत प्रकाराचे नाव सजीव वर्गात धरले जाते. असे का, याचा खुलासा खुद्द बोलणाऱ्यांकडून एकसारखा मिळाला नाही. तथापि एका कवकाच्या चौकशीतून व्याकरणाच्या मूळ विभागणीवर प्रकाश पडावा, ही गोष्ट भाषाभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे.

तेव्हा या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने काही पथ्ये पाळावीत, असे सुचवावेसे वाटते. पहिले हे की नमुन्यावाचून नाव नोंदवू नये. नाव, सांगणाऱ्याचे गाव, तारीख, आधार, छायाचित्र, बीजाणूंचा ठसा आणि वाळविलेला नमुना ही एकच नोंद समजावी, आणि जातिनिर्णय कवकशास्त्रज्ञाकडून करवून घ्यावा. दुसरे असे की खाद्य नावांबरोबर टाकाऊ नावेही विचारावीत, आणि 'हे का खात नाही' या प्रश्नाचे उत्तर शब्दशः उतरून घ्यावे. विषाची भीती, किळस, धर्म आणि केवळ अपरिचय ही चार निराळी कारणे आहेत. तिसरे पथ्य कायद्याचे आहे. येऊरचे रान राष्ट्रीय उद्यानात मोडते आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तेथून परवानगीवाचून काही काढता येत नाही. अभ्यासकास नमुना हवा असेल तर त्याने रीतसर परवानगी घ्यावी. आणि पाड्यावरील माणूस जे सांगेल ते त्याच्या अडचणीस कारण होणार नाही अशा रीतीने नोंदवावे. वारुळांची नेमकी ठिकाणे छापू नयेत, कारण ते ज्ञान त्या घरांचे आहे. शेवटचे पथ्य सर्वांत साधे आहे : शब्दसंग्रहासाठी गोळा केलेली अळंबी अभ्यासकाने स्वतः चाखू नये.

ज्या स्त्रिया पंधरवड्यागणिक रानातील बदल ओळखतात, त्यांच्या मुली आता वर्तकनगर व आसपासच्या वस्त्यांत शिकत आहेत आणि नोकऱ्या करीत आहेत. त्यांनी रानात हिंडावे अशी अपेक्षा करणे न्याय्य नाही. परंतु आयांच्या तोंडची नावे वस्तूंसह नोंदली गेली नाहीत, तर काही वर्षांनी आपल्या कोशांत अळंबी हा शब्द राहील आणि त्याच्यासमोर 'एक प्रकारचे भूछत्र' एवढाच अर्थ असेल. तो अर्थ चुकीचा असणार नाही. मात्र त्याच्या आधारे टोपलीतील अळंबी आणि हिरवळीवरची छत्री यांतील फरक कोणासही सांगता येणार नाही. हे काम भाषाभ्यासक व कवकशास्त्रज्ञ यांनी मिळूनच करावयाचे आहे, आणि त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पावसाळ्याच्या आरंभी बाजारातील एखाद्या टोपलीपाशी बसून विकणारीला नाव आणि ठिकाण विचारण्यापासून त्याचा आरंभ करता येईल.